दहा मिनिटांत तांबूस होणारा कांदा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी ‘हॉटेलसारखे फ्रेंच ओनियन सूप घरच्या घरी’ ही पाककृती छापून आली होती. माझ्या सुनेने तिचे कात्रण फ्रिजच्या दाराला लावले आणि त्याच संध्याकाळी ती बरहुकूम करून पाहिली. चार मध्यम कांदे लोण्यावर ‘दहा मिनिटे, तांबूस होईपर्यंत’ परतले, चमचाभर साखर घातली, चार वाट्या पाणी ओतले, दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून लावले आणि वर सँडविच ब्रेडची चकती ठेवून चीज किसले. वाडग्यात उतरले ते गोडसर, बुळबुळीत, फिकट पाणी. कांद्याच्या पट्ट्या त्यात करकरीत राहिल्या होत्या आणि ब्रेडचा लगदा होऊन तळाशी बसला होता. ‘‘बाबा, माझंच काहीतरी चुकलं असणार,’’ असे ती म्हणाली. तिचे काहीही चुकले नव्हते, हे मी तिला सांगितले आणि आता आपल्यालाही कळवतो आहे, कारण त्या रविवारी आणखी कितीतरी घरांत कोणीतरी असाच स्वतःला दोष देत पातेले घासले असेल.

मी मुंबईतल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली पहिली चार वर्षे सूपच्या विभागात काढली, एवढाच माझा अधिकार. नोकरीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात मला आठ किलो कांदा या सुपासाठी परतायला दिला होता. वेळ जाईना म्हणून मी आच मोठी केली, आणि पंधरा मिनिटांत कडा काळ्या झाल्या, मधला भाग मात्र पांढराच राहिला. आमचे मुख्य आचारी मडगावकडचे, बरीच वर्षे बोटीवर स्वयंपाक करून आलेले. ते रागावले नाहीत. चमचाभर कांदा उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. कडू आणि कच्चा या दोन्ही चवी मी एकाच घासात तेव्हा पहिल्यांदा अनुभवल्या. तो सगळा कांदा फेकून मी पुन्हा आठ किलो चिरला आणि या वेळी ते माझ्या शेजारी उभे राहिले. माझा हात शेगडीच्या बटणाकडे गेला की कालथ्याच्या दांड्याने मनगटावर हलकेच टकटक करत. तो कांदा व्हायला तीन तासांच्या वर वेळ लागला.

हे असे का होते, त्याचे कारण सरळ आहे. कांद्याच्या वजनात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. म्हणजे किलोभर कांदा चिरून पातेल्यात टाकला की आपण प्रत्यक्षात सुमारे ९०० ग्रॅम पाणी शेगडीवर ठेवलेले असते, आणि त्यातले बहुतेक पाणी उडून जाईपर्यंत कांदा १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. कांद्याला रंग आणि खमंगपणा येतो तो त्यातल्या शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे, जिचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ साली केले आणि जी त्याच्याच नावाने ओळखली जाते. ही क्रिया जोर धरते ती उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या बऱ्याच वर. तेव्हा आधी पाणी जाणार आणि मग रंग येणार, हा क्रम कोणत्याही पाककृतीला बदलता येत नाही. आच वाढवली तर पाणी लवकर जाते खरे, पण पातेल्याला टेकलेला कांदा करपतो आणि वरचा कच्चाच राहतो.

दहा मिनिटांचा आकडा कुठून आला असावा, याचा मी बराच विचार केला. माझा तर्क असा की पाककृती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बिर्याणीवर पेरायचा तळलेला कांदा असावा. तो भरपूर तापलेल्या तेलात सुटा सोडला की दहा-बारा मिनिटांत खरोखरच तांबूस होतो, कारण सगळ्या बाजूंनी गरम तेल त्याचे पाणी झपाट्याने काढून घेते. पण तो कुरकुरीत असतो. सुपात पडला की चामट होतो आणि तेल सोडतो. सुपाचा कांदा मऊ, ओलसर आणि जिभेवर विरघळणारा हवा. रंग सारखा दिसला म्हणून पदार्थ एक होत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते सूप पुन्हा केले, आणि सुनेने मोबाइलवर वेळ लावून एकेक टप्पा टिपून ठेवला. ती नोंद येथे देतो, कारण ‘तांबूस होईपर्यंत’ या दोन शब्दांच्या पोटात किती गोष्टी दडलेल्या असतात ते तिच्यावरून दिसेल. चौघांसाठी सोललेला सव्वा किलो कांदा घेतला. तो मुळापासून शेंड्याकडे उभा चिरला, कारण आडव्या चकत्या इतका वेळ शिजल्यावर विरून जातात आणि सुपात धागा उरत नाही. रुंद तोंडाचे, जाड बुडाचे पातेले, ५० ग्रॅम लोणी, चमचाभर तेल आणि अर्धा चमचा मीठ. पहिली पंधरा मिनिटे मध्यम आचेवर झाकण ठेवले; कांद्याला पाणी सुटले आणि काठापर्यंतचा ढीग निम्म्यावर बसला. झाकण काढल्यावर ते पाणी आटायला पस्तिसावे मिनिट उजाडले, आणि तोवर कांदा नुसताच पिवळट, पारदर्शक होता. त्याला वास होता तो उकडलेल्या कांद्याचा. इथे आवाज बदलतो. इतका वेळ चाललेली खदखद थांबते आणि बारीक चरचर ऐकू येऊ लागते. सुनेने ‘आवाज बदलला’ एवढेच टिपले आहे. मला विचाराल तर सगळ्या नोंदीतली हीच ओळ सर्वांत उपयोगाची, कारण या आवाजानंतर आच मंद करायची असते आणि शेगडीपासून हलायचे नसते. पन्नासाव्या मिनिटाला कांदा बदामी झाला, पासष्टाव्या मिनिटाला तांबूस, आणि ऐंशीव्या मिनिटाला त्याचा रंग उसाच्या काकवीवर गेला. सव्वा किलोचा उरला दोन लहान वाट्या. त्याचे एक बोट चाखून सून म्हणाली, ‘‘बाबा, यात साखर कधी घातलीत?’’

साखर घातलीच नव्हती. शंभर ग्रॅम कांद्यात चार ग्रॅमच्या आसपास स्वतःची साखर असते. म्हणजे सव्वा किलोत ती पन्नास ग्रॅम होते, आणि एरवी कच्च्या कांद्याच्या तिखटपणाआड लपलेली ही गोडी पाणी आटून तिखटपणा उडून गेला की समोर येते. फ्रेंच घरांतही रंग लवकर यावा म्हणून कोणी कोणी चिमूटभर साखर टाकतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चमचाभर साखर घालून फिकट कांद्याला पिकल्याचे सोंग देता येत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तरी रंग लवकर येतो. मात्र कांद्याचा लगदा होतो आणि सोडा थोडा जरी जास्त झाला तरी साबणासारखी चव मागे राहते. कुकरला शिट्ट्या देऊन कांदा मऊ होतो, पण कुकर पाणी आत कोंडून ठेवतो आणि इथे तर पाणीच घालवायचे असते, त्यामुळे नंतर पातेले शेगडीवर ठेवणे सुटत नाही.

कांदा कोणता घ्यावा, याबद्दल आपल्या पाककृतीत एक शब्दही नव्हता, आणि ज्या राज्यात लासलगावचा बाजारभाव लोक हवामानाच्या अंदाजासारखा वाचतात तिथल्या वर्तमानपत्रात ही उणीव जरा खटकते. फ्रान्समध्ये या सुपाला पिवळ्या सालीचा, साठवणीचा कांदा वापरतात. आपल्याकडे त्याला जवळचा म्हणजे उन्हाळ कांदा, मार्च ते मेच्या दरम्यान काढून चाळीत साठवलेला, घट्ट आणि कमी पाण्याचा. दिवाळीच्या सुमारास येणारा ताजा लाल कांदा पाणीदार असतो. त्याचेही सूप होते, पण शेगडीजवळ आणखी पंधरा-वीस मिनिटे उभे राहण्याची तयारी हवी. गोड म्हणून मुद्दाम अलिबागचा पांढरा कांदा आणू नये. मूळ कांद्यात तिखटपणा असला की शिजल्यावर चवीला खोली येते, आणि अलिबागचा कांदा भाकरीबरोबर कच्चा खाण्यातच त्याचा मान आहे.

कांदा काकवीच्या रंगावर आला की पातेल्याच्या बुडाला तपकिरी थर धरलेला असतो. दुधाच्या किंवा भाताच्या पातेल्यातली खरवड खाण्यासाठी ज्यांनी लहानपणी भावंडांशी भांडण केले आहे त्यांना ही खरवड किती मोलाची ते सांगायला नको. तिच्यावर चमचाभर मैदा पेरून मिनिटभर परतायचा, मग दीडशे मिलिलिटर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाइन ओतायची आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडून सगळे सोडवून घ्यायचे. नाशिकच्या द्राक्षांची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां या कामाला उत्तम चालते. ज्यांच्या घरात वाइन चालत नाही त्यांनी पाणी वापरून त्यात दोन छोटे चमचे व्हिनेगर घालावे; वाइनचे इथले मुख्य काम आंबटपणाने गोडी तोडण्याचे आहे. घट्टपणा म्हणून तो चमचाभर मैदा पुरे. कॉर्नफ्लोअरने येणारा चकचकीत दाटपणा आपल्या चायनीज गाड्यांवरच्या सुपाला शोभतो; हे सूप पातळच असते.

यानंतर सव्वा लिटर स्टॉक, म्हणजे हाडे किंवा भाज्या मंद उकळून गाळलेले पाणी. फ्रान्समधल्या हॉटेलांत तो बहुधा गाईबैलांच्या भाजलेल्या हाडांचा असतो. आम्ही घरी कोंबडीच्या पाठीची आणि मानेची हाडे ओव्हनमध्ये भाजून दोन तास मंद उकळली. शाकाहारी वाचकांनी मात्र हा पदार्थ आपला नव्हे असे समजू नये. ला व्हारेन या फ्रेंच आचाऱ्याच्या १६५१ सालच्या ग्रंथात कांद्याचे सूप आहे, आणि त्यात पातळ चिरलेला कांदा लोण्यात परतून साध्या पाण्यात किंवा वाटाण्याच्या पातळ पिठल्यासारख्या रसात शिजवायला सांगितले आहे. हाडांच्या स्टॉकशिवाय केलेले कांद्याचे सूप ही काही आजची पळवाट नाही. गाजर, सेलरीचा दांडा, मूठभर वाळवलेले मशरूम आणि दहा-बारा मिरी पाऊण तास उकळून गाळले की चांगला आधार तयार होतो. बाजारातल्या स्टॉकच्या वड्या वापरायच्या असतील तर आधी घातलेले मीठ विसरू नये, कारण त्यांत मिठाचाच भरणा असतो आणि वरून चीजही खारट असते. आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या पाककृतीत ‘तमालपत्र’ लिहिले आहे. फ्रेंच आचारी घालतात ते लॉरेलचे पान, ज्याला मधोमध एकच मुख्य शीर असते. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा असतात, त्याचे झाड दालचिनीच्या कुळातले असते आणि वासही दालचिनीकडे झुकतो. सुपात ते घातले तर पुलावाची आठवण येते. लॉरेल मिळाले नाही तर पान वगळावे आणि वाळलेल्या थाइमवर भागवावे. हे सगळे मंद आचेवर अर्धा तास उकळले की सूप तयार.

आता पावाविषयी, कारण वाडग्यातला लगदा पाहून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. ‘सूप’ हा शब्द ज्या जुन्या शब्दापासून आला त्याचा अर्थच मुळी रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा असा होता. पाव हा या पदार्थाचा पाया आहे, शोभेची वस्तू नव्हे. पॅरिसच्या मध्यभागी ले आल नावाचा मोठा घाऊक बाजार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वास्तुविशारद बाल्तार यांनी त्यासाठी लोखंड आणि काचेचे मंडप उभारले होते. तिथे रात्रभर भाजी, मांस, मासळी उतरवणारे हमाल पहाटे हे सूप खात, आणि त्यांच्याच शेजारी नाटकाहून किंवा नाचाहून परतणारी उंची पोशाखातली मंडळीही तेच वाडगे पुढ्यात घेऊन बसत. स्वस्त कांदा, शिळा पाव आणि वर चीज. रात्रभर ओझी वाहिलेल्या माणसाला एका भांड्यात पोटभर जेवण मिळे. १९६९ मध्ये तो बाजार शहराबाहेर रुंजिसला हलवला आणि पुढे ते मंडपही पाडले गेले, पण १९४७ साली त्या बाजाराच्या कडेला सुरू झालेले ओ पिए द कोशों हे उपाहारगृह अजून आहे आणि त्याची ख्याती अजूनही या सुपावर टिकून आहे. या सुपाला राजेरजवाड्यांच्या काही दंतकथाही चिकटवल्या जातात. मला हमाल जास्त पटतात.

तेव्हा पाव शिळाच हवा, आणि कडक हवा. ‘बॅगेट’ या लांबट फ्रेंच पावाचे बोटभर जाड काप १६० अंशांवर वीस मिनिटे वाळवायचे, दाताखाली कट्‌ आवाज येईपर्यंत. बॅगेट मिळाला नाही तर इराणी बेकरीतला ब्रुन पाव एक दिवस ठेवून कापावा. मला तर तोच अधिक आवडतो, कारण त्याचे कवच शेवटच्या चमच्यापर्यंत टिकते. सँडविच ब्रेड सुपात टाकणे म्हणजे कागद भिजत घालण्यासारखे आहे. चीज मूळचे ग्रुयेर किंवा कोंते. ही दोन्ही महाग आहेत, आणि परंपरेने ती वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजली जातात, हेही शाकाहारी वाचकांना माहीत असावे. भारतात तयार होणारे गौडा दोन भाग आणि मोझरेला एक भाग असे मिश्रण चांगले जमते, गौडाची चव आणि मोझरेलाची तार. आपल्या घरोघरी असणारे प्रक्रिया केलेले चीज मात्र इथे उपयोगाचे नाही. ते गुळगुळीत वितळावे म्हणून त्यात जे क्षार घालतात तेच त्याला तार धरू देत नाहीत, आणि वरून फोड आलेला तांबूस पापुद्राही नीट येत नाही.

हा पापुद्रा हॉटेलात सॅलमँडर नावाच्या, वरून प्रखर आच देणाऱ्या भट्टीखाली तीन-चार मिनिटांत येतो. घरी ओटीजीची फक्त वरची कॉइल २३० अंशांवर आधी तापवून पाच-सहा मिनिटांत तेच होते. मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळते, पण भाजले जात नाही. वाडगा ओव्हनमध्ये चालणाराच घ्यावा. आमच्याकडचा निळ्या फुलांचा, लग्नात आलेला वाडगा आतल्या आत तडकला आणि उकळते सूप ट्रेमध्ये पसरले, तो मुद्दा आपल्या पाककृतीत एका ओळीने आला असता तर बरे झाले असते. तसा वाडगा नसेल तर पावाच्या कापांवर चीज घालून ते वेगळे भाजावे आणि गरम सुपावर सोडावे. एकच उणीव राहते: काठावरून ओघळून बाहेर करपलेले चीज चमच्याने खरवडून खाता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ‘हॉटेलसारखे’ या शब्दाची. हॉटेलात गिऱ्हाइकाने मागणी दिल्यावर दहा मिनिटांत हे सूप टेबलावर येते, हे अगदी खरे आहे, आणि कदाचित त्या दहा मिनिटांनीच पाककृती लिहिणाऱ्यांना फसवले असेल. आमच्याकडे सकाळच्या पाळीत दहा-दहा किलो कांदा परतला जाई, दुपारी स्टॉकमध्ये उकळून थंड करून ठेवला जाई, आणि वाढला जाई तो दुसऱ्या दिवशी. मुरलेल्या सुपाची चव ताज्यापेक्षा उतरते असे मला कधी दिसले नाही. उलट कांद्याची गोडी आणि स्टॉक तोवर एकजीव झालेले असतात. मागणी आली की दोन डाव सूप, वर पाव, त्यावर चीज, आणि भट्टी. घरीही हेच करता येते. रविवारी दोन किलो कांदा एकदाच परतावा, निम्म्याचे सूप करावे आणि उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावा. सुनेने तसे केले आहे. गेल्या मंगळवारी ऑफिसातून आल्यावर तिने पाच ठोकळे स्टॉकमध्ये टाकले आणि वीस मिनिटांत आम्ही जेवायला बसलो. नातवाने मात्र चीज आणि पाव तेवढा खाल्ला.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्याकडे एवढीच विनंती की पाककृती छापण्यापूर्वी त्या लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाकडून तरी घड्याळ लावून एकदा करून घ्याव्यात, आणि ‘चार मध्यम कांदे’ असे न लिहिता कांद्याचे वजन द्यावे, कारण मंडईतला मध्यम कांदा लिंबाएवढाही असतो आणि नारळाच्या करवंटीएवढाही. या पाककृतीची दुरुस्ती आपण छापणार असाल तर ‘दहा मिनिटे’च्या जागी ‘पंच्याहत्तर ते नव्वद मिनिटे’ असे करावे, आणि साखर व कॉर्नफ्लोअरच्या दोन्ही ओळी काढून टाकाव्यात. ती छापून आली की फ्रिजच्या दारावरचे जुने कात्रण बदलायचे आहे.

कळावे,

आपला एक जुना वाचक,
डोंबिवली